अधिवासाचा अभ्यासक : सलीम अली

एखादा पक्षी दिसताच त्याचे नाव सांगता येणे ही एक गोष्ट आहे आणि तो पक्षी त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत का दिसतो हे सांगता येणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिल्या गोष्टीला चांगली दृष्टी आणि स्मरणशक्ती पुरते. दुसरीसाठी मात्र पक्ष्याबरोबरच झाड, पाणी, माती, गवत, कीटक, पाऊस आणि माणूस या सर्वांकडे पाहावे लागते. सजीवांचा परस्परांशी आणि भोवतालच्या निर्जीव घटकांशी असलेला संबंध तपासणाऱ्या शास्त्राला परिस्थितिकी म्हणतात. हे शास्त्र भारतातील विद्यापीठांत पुरते रुजण्यापूर्वीच एका माणसाने ते माळावर, पाणथळीत आणि भाताच्या शेतात बसून आत्मसात केले. त्या माणसाचे नाव सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई निवर्तली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांचा सांभाळ केला. मामांना शिकारीचा शौक होता. त्या काळच्या सधन घरांतील मुलांप्रमाणे सलीमच्या हातीही छऱ्याची बंदूक आली. एके दिवशी त्याने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो, हे त्या मुलाच्या लक्षात आले. त्याने मामांना विचारले; मामांना उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठविले. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत देशभरातील प्राणी आणि पक्षी यांचे नमुने जतन केलेले होते. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, मुलाला कपाटांतील पक्ष्यांचे नमुने दाखविले आणि ते जतन कसे करतात हे शिकण्याची संधीही दिली. एका साध्या शंकेने त्या मुलापुढे आयुष्यभराची वाट उघडली.

ती वाट सरळ मात्र नव्हती. १९१३ मध्ये सलीम अली मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले. पुढे महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशातील तवाय येथे कुटुंबाच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवसायात मदत करण्यासाठी गेले. व्यवसायापेक्षा तेथील जंगलातच त्यांचे मन अधिक रमले. १९१७ मध्ये मुंबईस परतल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले आणि त्याचबरोबर सेंट झेवियर महाविद्यालयात प्राणिशास्त्राचाही अभ्यास केला. १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांनी कधीच मिळविली नाही. या उणिवेमुळे पक्षितज्ज्ञ म्हणून सरकारी नोकरीचे दार त्यांच्यासाठी बंद राहिले. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागात प्रेक्षकांना माहिती सांगणारे मार्गदर्शक-व्याख्याते म्हणून त्यांना काम मिळाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीस गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. पक्ष्याची कातडी मोजून तिला नाव देणे एवढ्यावर पक्षिशास्त्र संपत नाही, जिवंत पक्ष्याचे वर्तन आणि जीवनक्रम हाही शास्त्राचा विषय आहे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली.

१९३० मध्ये ते स्वदेशी परतले तेव्हा संग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झाली होती. वय चौतीस, हाती पदवी नाही, नोकरी नाही आणि शिकून आलेल्या विद्येला बाजारात किंमत नाही, अशी त्यांची स्थिती होती. मुंबईत राहण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. म्हणून पती-पत्नी अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. नारळी-पोफळीच्या बागा, भातखाचरे आणि विहिरी यांनी वेढलेल्या या गावात पावसाळ्याच्या तोंडावर एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजू लागली. बेकारीने दिलेला रिकामा वेळ सलीम अली यांनी त्या वसाहतीला वाहिला.

सुगरणीचा लोंबता खोपा कोकणातच काय, महाराष्ट्रात कोठेही नवा नव्हता. मराठी लोकमनाने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव देऊन घर विणण्याचे सारे श्रेयही मादीला देऊन टाकले होते. सलीम अली यांनी ऐकीव माहितीवर विसंबून न राहता आडोशाला बसून दिवसचे दिवस त्या एकाच वसाहतीचे निरीक्षण केले. कोणता पक्षी काय आणतो, कोणत्या खोप्यावर बसतो, केव्हा येतो, केव्हा जातो याची ते तारीखवार नोंद करीत. त्या नोंदींतून जे चित्र उभे राहिले ते प्रचलित समजुतीपेक्षा निराळे होते. खोपा विणतो तो नर. गवताच्या आणि भाताच्या पात्यांच्या चिरफाळ्या चोचीने काढून तो फांदीला गाठी मारतो, वेटोळे करतो आणि शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा तयार करतो. मग माद्या येतात, आत शिरून खोप्याची पारख करतात. एखादीने तो पसंत केला तरच नर खोपा पुरा करून त्याला नळीसारखे प्रवेशद्वार जोडतो. नापसंत खोपे अर्धवटच लोंबत राहतात. मादी अंडी उबवू लागली की नर दुसरा खोपा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि सलीम अली यांचे नाव जाणकारांच्या वर्तुळात पोहोचले.

या अभ्यासाचे महत्त्व एका पक्ष्याच्या संसारापुरते नाही. सजीव जेथे राहतो, अन्न मिळवितो आणि प्रजनन करतो त्या ठिकाणाला त्याचा अधिवास म्हणतात. सुगरणीचा अधिवास म्हणजे केवळ एक झाड नव्हे. खोपा बहुधा काटेरी बाभळीवर, शिंदीच्या झाडावर किंवा विहिरीच्या नाहीतर पाण्याच्या वर झुकलेल्या फांदीला टांगलेला असतो, कारण तेथे साप आणि इतर शत्रू सहजासहजी पोहोचत नाहीत. विणीचा हंगाम पावसाबरोबर येतो, कारण तेव्हाच विणण्याजोगे लांब, ओले आणि चिवट गवत मिळते. पिल्लांना कीटक लागतात. तेही पावसाळ्यात मुबलक असतात. पिल्ले उडू लागेपर्यंत गवत आणि धान्य दाण्यावर येते. पाऊस, माती आणि वारा हे अजैविक घटक; गवत, कीटक, साप आणि शेतकरी हे जैविक घटक. या दोहोंच्या मेळातून जी व्यवस्था उभी राहते तिला परिसंस्था म्हणतात. किहीमच्या त्या झाडाखाली सलीम अली एका पक्ष्याकडे पाहत होते, पण त्यांची वही भरत होती ती संपूर्ण परिसंस्थेच्या नोंदींनी.

उपजीविकेचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. त्यांनी एक वेगळी वाट काढली. तत्कालीन संस्थानांना त्यांनी कळविले की, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च संस्थानाने दिल्यास तेथील पक्ष्यांची पाहणी आपण विनामोबदला करू. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून या पाहण्यांना आरंभ झाला. आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. पुढे त्रावणकोर, कोचीन, मध्य भारत, म्हैसूर, गुजरात असा हा प्रवास चालू राहिला. बैलगाडी, तंबू, कंदील आणि टिपणवही हे त्यांचे संशोधनाचे साहित्य होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे ओळख पक्की करण्यासाठी ते पक्षी टिपून नमुने घेत. परंतु प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, उंची, तारीख, झाडोरा, खाद्य आणि विणीची अवस्था यांची नोंद असे. मुक्कामाची सारी व्यवस्था तहमिना पाहत. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे अकाली निधन झाले. त्या आघातानंतर सलीम अली मुंबईत बहिणीच्या घरी राहू लागले आणि त्यांनी स्वतःला कामात पूर्णपणे गुंतवून घेतले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला पक्षी ओळखता यावा या हेतूने लिहिलेल्या त्या पुस्तकाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ सिडनी डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले.

पक्षी आणि वनस्पती यांचे नाते हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. माघ-फाल्गुनात जंगल निष्पर्ण होऊ लागते तेव्हा पळस, पांगारा आणि सावर ही झाडे लाल-केशरी फुलांनी बहरतात. त्या फुलांतील मध पिण्यासाठी मैना, बुलबुल आणि शिंजीर यांची रीघ लागते आणि त्यांच्या कपाळाला चिकटलेले पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. फुलटोचा हा इवलासा पक्षी बांडगुळाची चिकट फळे खातो आणि त्याचे बी दुसऱ्या फांदीवर नेऊन सोडतो. झाडाला पक्षी हवा आणि पक्ष्याला झाड हवे, हे परस्परावलंबन सलीम अली यांनी १९३०च्या दशकातच आपल्या लेखनातून मांडले.

१९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांनाही जीवघेणा ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी या तापाचा विषाणू शोधला. तो गोचिडांमार्फत पसरत होता आणि रशियातील एका रोगाच्या विषाणूशी त्याचे साम्य होते. मग हजारो मैलांवरून येणारे स्थलांतरित पक्षी तर हे गोचीड आणीत नसतील ना, अशी शंका निर्माण झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने १९५९ मध्ये पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांच्या प्रवासाचा माग काढण्याची मोठी योजना हाती घेतली. तिचे नेतृत्व सलीम अली यांच्याकडे होते. कडी घातलेले पक्षी पुढे मध्य आशियात आणि सायबेरियात सापडले, तेव्हा त्यांचे मार्ग उलगडू लागले. पक्ष्यांवरील संशय मात्र सिद्ध झाला नाही. तो विषाणू तेथल्याच जंगलातला होता. जंगल तोडून माणूस आणि गुरे आत शिरली तशी गोचिडांशी त्यांची गाठ पडली. अधिवासात ढवळाढवळ झाली की तिचा परिणाम माणसाच्या घरापर्यंत येतो, याचा हा धडा होता.

अधिवास नष्ट झाला की त्यावर जगणारा सजीव टिकत नाही, हे सलीम अली पुन्हा पुन्हा सांगत राहिले. माळढोक हा पक्षी त्याचे ठळक उदाहरण आहे. नावातच त्याचा अधिवास आहे. माळरानावर मोठी झाडे नसतात, म्हणून सरकारी दप्तरांत आणि लोकांच्या बोलण्यातही त्याला पडीक जमीन म्हटले जाते. प्रत्यक्षात गवत, नाकतोडे, सरडे, लांडगे आणि मेंढपाळ यांना सामावणारी ती एक परिपूर्ण परिसंस्था असते. माळढोकाला भारताचा राष्ट्रीय पक्षी करावे असा सलीम अली यांचा आग्रह होता. तो मान मोराला मिळाला. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. तरीही माळरानांवर नांगर फिरत राहिला आणि आज हा पक्षी मुख्यतः राजस्थानात, दोनशेहूनही कमी संख्येने उरला आहे. अहमदनगर जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. नन्नजच्या माळावर मात्र माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रकरण राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीचे आहे. ही पाणथळ भरतपूरच्या संस्थानिकांनी बंधारा घालून आणि पाणी खेळवून शिकारीसाठी घडविलेली होती. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत तेथे ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोगाने त्याच दिवशी सलीम अली यांना ४२ वर्षे पूर्ण झाली होती. स्वातंत्र्यानंतर ही जागा कोरडी करून शेतीला द्यावी, अशी मागणी झाली. सलीम अली यांनी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यापर्यंत हा प्रश्न नेला आणि पाणथळ वाचली. १९८१ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

उद्यानात पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्या गावांतील म्हशी चरत असत. म्हशींमुळे पक्ष्यांच्या अधिवासाची हानी होते, असे तज्ज्ञांचे मत होते आणि सलीम अलीही त्याच मताचे होते. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला. संघर्षात पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकऱ्यांचा बळी गेला. बंदी मात्र कायम राहिली.

त्याआधी, १९८० मध्ये, सोसायटीने भरतपूरच्या परिसंस्थेचा दहा वर्षांचा अभ्यास सुरू केला होता. पाण्याची खोली, वनस्पतींची वाढ, मासे, कीटक आणि पक्ष्यांची संख्या यांची वर्षानुवर्षे मोजणी झाली. त्या मोजणीतून निघालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातील गवत बेसुमार वाढले. त्याने उघडे पाणी व्यापले, मासे आणि पाण्यातल्या वनस्पती यांची वाढ खुंटली आणि ज्या बदकांसाठी बंदी घातली त्यांनाच जागा अपुरी पडू लागली. गवत खाणारी म्हैस ही त्या अन्नजाळ्याची एक कडी होती. माणसाने घडविलेली ती पाणथळ गुराढोरांच्या सोबतीनेच टिकली होती. ज्या संस्थेत सलीम अली यांचे आयुष्य गेले त्याच संस्थेच्या अभ्यासाने त्यांचे मत चुकीचे ठरविले. हा निष्कर्ष हाती येण्यापूर्वी, २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले होते.

या घटनेने त्यांचे मोठेपण उणे होत नाही. परंतु ती झाकून ठेवली तर त्यांच्या जीवनातील खरा बोध हरवेल. पद्मभूषण, पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व आणि आंतरराष्ट्रीय पुरस्कार असे अनेक सन्मान त्यांच्या वाट्याला आले होते. तरीही निसर्गाविषयीच्या विधानाला सन्मानाचा आधार चालत नाही. त्याला नोंदींचाच आधार लागतो. किहीमला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लोकांची समजूत दुरुस्त केली. भरतपूरला, त्यांनीच रूढ केलेल्या नोंदींच्या पद्धतीने त्यांची स्वतःची समजूत दुरुस्त झाली. आणि त्या चुकीची किंमत ज्यांच्या म्हशी तेथे चरत होत्या त्या गावकऱ्यांनी मोजली. म्हणूनच अधिवासाचा अभ्यास करताना तेथे राहणारा माणूसही नोंदवहीत यावा लागतो.

ही पद्धत कोणालाही अनुसरता येते. तिला प्रयोगशाळा लागत नाही. छत्तीसगढमध्ये गावागणिक तळी आहेत. भिलाईतील कुरुदसारख्या वस्तीत राहणाऱ्या विद्यार्थ्याने जवळचे एखादे तळे निवडले, तर आरंभ तेथूनच करता येईल. प्रथम तळ्याचा साधा नकाशा काढावा. काठाचा एक ठरावीक भाग दोरीने आखून घ्यावा. हवेचे आणि पाण्याचे तापमान, पाण्याची पातळी आणि गढूळपणा यांची नोंद करावी. काठावरची आणि पाण्यातली वनस्पती, कीटक, बेडूक, मासे आणि पक्षी यांची यादी करावी. नाव ठाऊक नसल्यास वर्णन लिहावे किंवा चित्र काढावे. कोण काय खातो हे पाहून बाणांनी अन्नसाखळी दाखवावी : शेवाळ, त्यावर जगणारा लहान मासा, माशाला टिपणारा खंड्या किंवा बगळा आणि शेवटी साऱ्यांचे अवशेष कुजवून मातीला परत देणारे जीवाणू. तळ्यावर कपडे धुणारी माणसे, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी आणि जाळे टाकणारे मासेमार यांचीही नोंद करावी. एका दिवसाची यादी म्हणजे अभ्यास नव्हे. तीच जागा, तीच वेळ आणि तीच रीत ठेवून उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत नोंदी घेतल्या, तरच बदल दिसतो आणि बदलाचे कारण शोधता येते. अंड्यांना किंवा पिल्लांना हात लावू नये आणि जे दिसले तेच लिहावे. जे दिसावे असे वाटते ते नव्हे.

पूर्वी दुर्ग जिल्ह्यात असलेल्या आणि आता बेमेतरा जिल्ह्यात मोडणाऱ्या गिधवा-परसदा येथील तळ्यांवर हिवाळ्यात दूरदेशीचे पाणपक्षी उतरतात. त्यांचा मुक्काम पाणी किती आहे, काठावर काय उगवते आहे आणि माणसांची वर्दळ किती आहे यांवर अवलंबून असतो. हे पक्षी किती होते आणि पुढे किती राहिले, हे ठरविण्यास कोणीतरी वर्षानुवर्षे नेमाने मोजलेले आकडेच उपयोगी पडतात. पिवळ्या गळ्याच्या चिमणीबद्दल प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने पुढे सुमारे पाऊणशे वर्षे हेच केले : पाहिले, मोजले, लिहिले आणि पुन्हा पाहिले.